समोरच्या आजींकडे तारा नेला तेव्हा

आमच्या बिल्डिंगमध्ये कुठेही मासळीचा वास आला की ईमेल मला येते. वर कुणी काही भाजो, खाली कुणी काही तळो, मॅनेजमेंटचं ते 'डिअर रेसिडेंट' आधी माझ्याच मोबाईलवर वाजतं. का, तर एकदा, अहो उभ्या आयुष्यात एकदा, मी सोडे परतत होते आणि दार उघडं राहिलं. झालं! तेव्हापासून आखातातल्या अल रीम बेटावरच्या या टॉवरमध्ये वास म्हटला की माझंच नाव.

मागच्या हिवाळ्यात अशीच ईमेल आली, तीही नेमकी संकष्टीला. घरात साबुदाणा भिजत घातलेला, मी सकाळपासून कडक उपाशी, आणि मला म्हणे 'स्ट्राँग फिश ओडर'. तळपायाची आग मस्तकात गेली माझी. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, रिप्लाय नको करूस." मी म्हटलं, रिप्लाय कोण करतंय, मी चोर पकडते. दार उघडलं, नाक वर केलं आणि निघाले. फार चालावं लागलं नाही. वास समोरच्याच दारातून येत होता.

समोर उन्हाळ्यानंतर एक बाई राहायला आल्या होत्या. कुठल्याशा शाळेत सायन्स शिकवायच्या. चेहऱ्यावरून मी त्यांना फिलिपिनो ठरवून टाकलं होतं. वॉचमन म्हणाला, "नहीं मॅडम, रशियन है," कारण कुरिअरवरचं आडनाव पक्कं रशियन. नवरा म्हणाला, अमेरिकन, कारण इंग्लिश तसं. मी म्हटलं, एकदा काय ते ठरवा आणि मला सांगा. पण समोर जाऊन विचारायला कुणाला सवड होती? आम्ही आपले लिफ्टमध्ये 'हाय' म्हणायचो आणि मजल्यांचे आकडे बघत बसायचो.

दार उघडलं ते बाईंनी नाही, त्यांच्या आईनं. माझ्या खांद्याला येतील एवढ्या आजी. अंगात फुलाफुलांचा टोपीवाला झगा, पुढे हा एवढा मोठा खिसा, आणि नजर अशी की मी काय बोलायला आले होते ते क्षणभर विसरलेच. त्यांच्या मागे बाल्कनी दिसत होती. कपडे वाळत घालायच्या स्टँडवर लालबुंद माशाच्या लांबच लांब पट्ट्या टांगलेल्या आणि समोर टेबलफॅन सोडलेला.

मी भांडायला गेले होते हो. पण मी मूळची अलिबागकडची. वाळत घातलेला मासा दिसला की माझ्याच्यानं भांडवत नाही. मी एकदम विचारलं, "मीठ लावून वाळवता की नुसतंच?" आजींनी मला हाताला धरून आत नेलं. इथलं ऊन चांगलं आहे म्हणाल्या, पण वाऱ्यात वाळू येते, दाताखाली लागते. मी म्हटलं, मग मलमल बांधा ना वरून. घरून मलमल आणली, दोघींनी मिळून बांधली. निघताना त्यांनी फॉइलमध्ये एक पट्टी गुंडाळून दिली. चंद्रोदय होऊन मोदक खाल्ले तरी मी तिला हात लावला नाही, देवाची लाज! दुसऱ्या दिवशी मात्र दात घासायच्या आधी खाल्ली.

मग रोजचं जाणंयेणं सुरू झालं. त्यांचा डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून मी त्यात शंकरपाळे घालायची. त्यांच्यातही भांडं रिकामं पाठवत नाहीत म्हणे, म्हणून तो परत भरून यायचा. एक आइस्क्रीमचा डबा दोन महिने कॉरिडॉरमध्ये नुसता येरझाऱ्या घालत होता. नवरा म्हणाला, "कुणीतरी एकीनं थांबा, माझं कोलेस्टेरॉल वाढतंय."

तेव्हा उलगडा झाला. आजी अलास्काच्या. पार वर, एका नदीकाठच्या गावातल्या, युपिक जमातीच्या. म्हणजे देश अमेरिका, आडनाव रशियन, चेहरा त्यांचा स्वतःचा. बाकी दोघांचं थोडं थोडं बरोबर होतं म्हणायचं, चुकलं ते फक्त माझं फिलिपिनो.

आडनाव रशियन कसं, ते आजींनी मासा कापता कापता सांगितलं. फार पूर्वी रशियन लोक कातड्यांसाठी आले. समुद्रातल्या बेटांवर तर त्यांनी बायकापोरं ओलीस ठेवून पुरुषांना शिकारीला धाडलं. मागाहून पाद्री आले. त्यांतले काही तिथल्याच रक्ताचे होते, भाषा शिकले, प्रार्थना लोकांच्या बोलीत आणल्या. मग एक दिवस रशियानं सगळा मुलूख अमेरिकेला विकून टाकला. "आम्हाला कुणी विचारलं नाही," आजी म्हणाल्या. "विकणाऱ्यानंही नाही, घेणाऱ्यानंही नाही." रशियन गेले, पण नावं राहिली, चर्च राहिलं. आजी लहान असताना सरकारी शाळेत आपली भाषा बोललं की पट्टी बसायची, आणि चर्चमध्ये त्याच भाषेत गायचं. "मग मला देव कुठला आवडणार, तूच सांग," म्हणाल्या. मला आमच्या वसईची आठवण झाली. पोर्तुगीज गेले, चर्च राहिलं, आणि लग्नातली गाणी बायका अजून आपल्या मराठीतच म्हणतात. आजींना मी ते सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बघ, शहाण्या बायका सगळीकडे असतात."

त्यांचा नाताळ जुन्या पंचांगानं, जानेवारीत. आमच्या लेकीला ते फार आवडलं. "सो दे गेट ऑल द सेल डेकोरेशन्स? दॅट्स जीनियस." खरंच, बाईंनी इकडचा नाताळ उरकल्यावर सगळ्या झिरमिळ्या अर्ध्या किमतीत आणल्या होत्या. पंधरा दिरहम, म्हणजे साडेतीनशे रुपयांच्या वर, नुसत्या झिरमिळ्यांना! पण त्यांनी त्यातून केलं काय, तर एक तारा. आठ टोकांचा, माझ्या पसरलेल्या दोन्ही हातांएवढा, मधोमध बाळ येशूची तसबीर, मागे मूठ. मूठ फिरवली की तारा गरागरा फिरायचा आणि दिवे लागायचे. मी तोंडात बोटच घातलं. पण आजी तिकडे पाठ करून बसल्या होत्या.

बाई मला कॉरिडॉरमध्ये घेऊन आल्या आणि डोळे पुसायला लागल्या. त्यांच्या गावात नाताळानंतर आठवडाभर तारा घरोघर जातो. मागून सगळं गाव गात जातं. प्रत्येक घरी जेवण, प्रत्येकाला भेटवस्तू, मग पुढचं घर. घरातल्या जिवंत माणसांसाठी 'पुष्कळ वर्षं जगा' असं एक गाणं म्हणतात. आणि ज्या घरातलं कुणी गेलंय तिथं त्या माणसासाठी दुसरं, त्याची आठवण कायम राहो असं. आजोबा गेल्या उन्हाळ्यात गेले होते. गावात दवाखाना नाही, विमानानं शहरात नेलं आणि तिथेच गेले. आजींना एकटीला मागे कसं ठेवायचं म्हणून बाई इकडे घेऊन आल्या. आणि आता आजोबांच्या नावाचं गाणं व्हायला हवं होतं, याच वर्षी.

"मग फिरवा की तारा," मी म्हटलं. "तयार तर आहे."

तर आतून आजी म्हणाल्या, "घरात केलेला तारा घरात फिरवायचा? तारा पाहुणा असतो. तो बाहेरून यावा लागतो. आणि ज्यांच्या घरचं माणूस गेलंय त्यांनी गायचं नसतं, ऐकायचं असतं." आणि मग अगदी हळू म्हणाल्या, "इथे कोण येणार आहे."

एवढ्या मोठ्या टॉवरमध्ये, इतक्या माणसांत, या बाईच्या दारात कुणी येणार नाही? मला इतका राग आला, कुणाचा ते माहीत नाही. मी म्हटलं, "आजी, शनिवारी संध्याकाळी घरी राहा. तारा येतोय." म्हणून बसले खरी, पण घरी येऊन कपाळाला हात लावला. आणायचा कुणी? मला तर आरतीतसुद्धा सूर सापडत नाही.

माझी भिशी आहे, दहाबारा जणींची. ग्रुपवर मेसेज टाकला. पहिला रिप्लाय, "मेनू काय आहे?" दुसरा, "कुठली साडी?" मूळ मुद्द्याला कुणी हातच घातला नाही. शेवटी संक्रांत जवळ आलीच आहे तर काळ्या साड्या नेसू असं ठरलं, आणि सगळ्या येते म्हणाल्या. एक तर दुबई सिलिकॉन ओएसिसहून गाडी हाकत येणार होती, म्हणाली, "फिरणारा तारा? मी चुकवते की काय!" नवरा तेवढा म्हणाला, "परवानगी वगैरे काढलीस का?" मी म्हटलं, समोरच्या दारात जायला? वाटीभर साखर आणायला जाते तेव्हा काढते का?

रिहर्सल आमच्या हॉलमध्ये. बाईंनी दोन्ही गाणी फोनवर रेकॉर्ड करून दिली होती, प्रत्येकी दोनच ओळी, पण भाषा जुनी चर्चची. आम्ही ती देवनागरीत उतरवून घेतली. जिवंतांचं गाणं ठसक्यात होतं, टाळ्या मारत म्हणता येईल असं. ते आम्हाला असं काही आवडलं की चहा गाळताना, भांडी लावताना, सगळ्या तेच गुणगुणायला लागल्या. दुसऱ्याची वेळ आली तशी आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकू अडून बसल्या. "सणाच्या तोंडावर, सवाष्णींनी, गेलेल्याचं गाणं? मी नाही बाई म्हणायची."

मी म्हटलं, "काकू, त्याच्यासाठीच तर चाललोय ना आपण!"

"तिथे गेल्यावर म्हणू. माझ्या तोंडून ते इथे तुझ्या घरात नको. तुझा नवरा समोर बसलाय."

नवऱ्यानं वर बघितलं आणि म्हणाला, "माझी काही हरकत नाही." पण काकूंनी त्याच्यावरून मीठमोहऱ्याच ओवाळल्या. बाकीच्याही कुजबुजायला लागल्या. मी वैतागून म्हटलं, बरं, ते तिथेच कागदात बघून म्हणू. झाली रिहर्सल. आणि खीर खाताना पुन्हा सगळ्या जिवंतांचंच गाणं म्हणत होत्या.

शनिवारी तारा आमच्या घरी आणून ठेवला, म्हणजे तो बाहेरून जाईल. आता हे सातआठ पावलांचं अंतर, पण आमच्या दारातून तारा बाहेर निघेना. आत येताना आला होता, मग जाताना काय झालं? इंजिनिअर नवरा मेजरिंग टेप घेऊन आला. "डावं टोक आधी, मग तिरका करा." डावं टोक आधी काढलं, तर उजवं शूरॅकमध्ये अडकलं. सिलिकॉन ओएसिसवाली आत राहिली, आम्ही सगळ्या बाहेर, मध्ये येशू. लेक म्हणाली, "मॉम, प्लीज, समवन इज गोइंग टू कॉल सिक्युरिटी." सिक्युरिटी आलाच. आमचा नेपाळी वॉचमन, कॅमेऱ्यात बघून वर पळत आला होता. काळ्या साड्यांतल्या इतक्या बायका बघून त्यानं टोपीच काढली. "मॅडम, कोई ऑफ हो गया क्या?"

मी म्हटलं, "हां. मतलब नहीं. मतलब हां, लेकिन गर्मी में हुआ."

तो बिचारा आणखीच घाबरला. पण माणूस चांगला, त्यानं शूरॅक उचलून बाजूला केला आणि तारा सुटला. मी मूठ फिरवली, दिवे लागले, आणि आम्ही निघालो. बेल वाजवली.

बाईंनी दार उघडलं. आजी मागे उभ्या, नव्या झग्यात, हात पुढे जोडून. आणि तिथे आमच्या बायकांचं जे व्हायचं ते झालं. देव घरी येतोय, उंबऱ्यात बायका उभ्या आहेत, घरची बाई वाट बघतेय, हे सगळं आमच्या हाडीमाशी एका वेगळ्याच सणाचं आहे. रिहर्सलमध्ये जे ठरवलं ते हवेत विरलं. काकूंनी पाण्याचा तांब्या मागवला, ताऱ्याला पाय नाहीत म्हणून माझ्याच पायांवर ओतला आणि मोठ्यांदा विचारलं, "कोण आलं?"

आणि आम्ही साऱ्या एका सुरात, "गौराई आली!"

"कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी!"

झालं, मग थांबणार कोण? गौर आली की तिला घर दाखवतात, आम्ही ताऱ्याला घर दाखवलं. "हे काय?" "हे स्वयंपाकघर." "इथे काय आहे?" "इथे उदंड आहे!" फ्रिज उघडून दाखवला, आत मासेच मासे. वॉशिंग मशीन दाखवलं. बाल्कनीतलं मलमल बांधलेलं स्टँड दाखवलं. बाई आ वासून बघत राहिल्या होत्या. मी चालता चालता त्यांना म्हटलं, "सॉरी, आमचं जरा मिसळलं." पण आजी? आजी ताऱ्याच्या पुढे पुढे चालत होत्या आणि स्वतः दारं उघडून दाखवत होत्या. बाथरूमसुद्धा! तिथे मात्र काकूंनी तारा अडवला.

शेवटची खोली आजींची. तिथे त्यांनी दार उघडलं नाही, आम्ही ओळखलं आणि थांबलो. मग त्यांनी उघडलं. कोपऱ्यात देवाची तसबीर, खाली मिणमिणता दिवा, आणि बाजूला आजोबांचा फोटो. जाड फरचा कोट, हातात मासा, दात नसलेलं हसू. बाईंनी मला खूण केली. आता ते गाणं.

कागद काकूंच्या पर्समध्ये होता. पर्स आमच्या घरी होती.

मी सूर धरला. काय म्हणायचं ते मला माहीत होतं हो, डोक्यात अगदी स्पष्ट होतं. पण तोंडातून आलं ते दुसरंच, आठवडाभर म्हटलेलं. आणि मी सुरू केलं म्हटल्यावर बाकीच्यांनी उचललं, ठसक्यात, टाळ्यांसकट. फोटोतल्या त्या माणसाला आम्ही सगळ्यांनी मिळून खणखणीत आवाजात सांगितलं, पुष्कळ पुष्कळ वर्षं जगा. दुसऱ्या ओळीला माझ्या लक्षात आलं. काकूंच्याही आलं, त्यांचा हात टाळीतच थांबला. एकेक करत सगळ्या गप्प झाल्या. तारा तेवढा अजून फिरत होता, कारण मूठ सोडायचं मला सुचलं नाही.

बाईंनी तोंडावर हात धरला होता. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्या एका गाण्यासाठी सगळा खटाटोप, तेच मी नासवलं. मी म्हटलं, "आजी, चुकलं. चुकलं हो आमचं. बाईंकडून ऐकून परत म्हणते, बरोबर ते म्हणते."

आजी फोटोकडे बघत होत्या. त्यांचे खांदे हलायला लागले आणि मला वाटलं, रडवलं मी या बाईला. पण त्या हसत होत्या. पार वाकून, पोट धरून हसत होत्या. मग हसता हसताच रडायला लागल्या आणि पलंगावर बसल्या. मी तारा काकूंच्या हातात दिला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"दवाखान्यात सगळे निरोपाचं बोलत होते," त्या म्हणाल्या. "डॉक्टर, नर्स, माझी मुलगीसुद्धा. मला एकटीलाच वाटत होतं की त्याला अजून वर्षं द्या. पण त्या खोलीत मला ते म्हणता आलं नाही. सगळे इतके शहाण्यासारखे वागत होते."

त्यांनी झग्याच्या मोठ्या खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं आणि आमच्याकडे बघितलं. बाई गुडघे टेकून त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होत्या. आजी त्यांच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

"ते दुसरं म्हणा नंतर," आजी मला म्हणाल्या. "आधी हेच परत म्हणा. टाळ्या वाजवून."

आणि काकूंनी, ज्यांना सणाच्या तोंडावर मेलेल्याचं नाव नको होतं त्या काकूंनी, तारा छातीशी नीट धरला, मूठ फिरवली आणि सगळ्यांच्या आधी सूर लावला.